आवाजाचा परवाना

माझा नवरा फटाक्यांना घाबरतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे पिस्तूल येणार आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कोथरूडला माझ्या माहेरी पोरांनी दारासमोर सुतळी बॉम्ब लावला, तर हे जावईबापू हातातली चिरोट्यांची बशी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. माझी आई अजून ही गोष्ट सांगते. त्याच्या तोंडावर सांगते. तर अशा या जयंत देवस्थळीने, वय वर्षं त्रेपन्न, गेल्या गुढीपाडव्याच्या सुमारास जर्मन सरकारकडे पिस्तूल बाळगायच्या परवान्याचा अर्ज केला.

आम्ही राहतो ते गाव स्टुटगार्टपासून एस-बानने, म्हणजे लोकलने, अर्ध्या तासावर आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आम्हाला रस्त्यात नमस्कार करतात आणि मला ते टिकवायचंय. गावाच्या मागे उभी टेकडी, टेकडीवर द्राक्षाचे मळे. जयंत अठरा वर्षं ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत होता, त्सुफेनहाउझेनच्या पलीकडे. मग ऑर्डरी आटल्या आणि कंपनीने एकेकाला आत बोलावून, कॉफी पाजून, अत्यंत सभ्यपणे घरी पाठवलं. माझी नोकरी शाबूत आहे. मी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी फुकट काढते.

नोकरी गेली तसा जयंत मुका झाला. भांडला नाही, रडला नाही, प्यायला नाही. निळ्या पायजम्यात सोफ्यावर बसून राहायचा. चहा हवा का, ‘चालेल’. बाहेर जाऊया का, ‘नको’. बाकी सगळ्याला ‘हं’. आई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारायची, "जावईबापू काय म्हणतायत? लागलं का कुठे?" जावईबापू मागे सोफ्यावर दिसत असायचे, काहीही म्हणत नसायचे. मला त्या ‘हं’ची भीती बसली होती, खोटं कशाला बोलू. ऑफिसातून घरी येताना दार उघडायच्या आधी मी जिन्यात उभी राहून कान द्यायचे, आत काही आवाज येतोय का म्हणून.

मग तळमजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, फ्लायडरर देवासारखे धावून आले. देवासारखे म्हणजे काठी टेकत, कुरकुरत. एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा, टेकडीवर त्याच्या ट्रोलिंगर द्राक्षाच्या ओळी. एक दिवस जिन्यात त्याने जयंतला अडवलं आणि म्हणाला, "यायांट, माझे गुडघे गेले. तुझी नोकरी गेली. वरच्या चार ओळी तू बघ." सांत्वनाचा हा प्रकार मला फार आवडला. तोवर सगळे जण आम्हाला ‘नवी दारं उघडतील’ वगैरे सांगत होते.

दुसऱ्या दिवसापासून जयंत उठायला लागला. पायजमा सुटला, बूट आले. छाटणी शिकला, वेली बांधायला शिकला, प्रत्येक वेलीला नंबर दिला. बोलत अजून नव्हता, पण उठत होता, आणि मी त्यावर समाधानी होते.

आता पक्ष्यांचं सांगते. सप्टेंबरात द्राक्षं गोड झाली की टेकडीवर काळ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. जर्मन त्यांना ‘श्टार’ म्हणतात. माझ्या आईचं माहेर बार्शीकडचं, तिने फोटो बघूनच सांगितलं, "अगं, या तर आपल्या भोरड्या. ज्वारीवर पडतात त्या. मेल्या तिथेही पोचल्या का?" थवा एकदा बसला की तासाभरात ओळ साफ. म्हणून इथे फार जुनी रीत आहे. मळेवाल्यांनी पाळीपाळीने एकेक आठवडा टेकडीची राखण करायची, आवाजी पिस्तूल घेऊन. त्यातून गोळी सुटत नाही, नुसता बार होतो. पण ते कमरेला लावून रस्त्याने जायचं तर सरकारी परवाना लागतो, ‘क्लायनर वाफेनशाइन’. पिस्तूल जॅकेटखाली झाकलेलं हवं, फिरायला येणारी माणसं दचकू नयेत म्हणून.

वसंतातल्या बैठकीत मळेवाल्यांनी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा जयंतला दिला. नियमही सांगितला. ज्याला आपला आठवडा जमला नाही, त्याच्याकडे पुढच्या वर्षी ओळी राहत नाहीत. फ्लायडररने याच नियमावर स्वतःच्या मेव्हण्याला काढलं होतं, त्यामुळे आमचं काय कौतुक. जयंत घरी आला, बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि कित्येक महिन्यांनी आपणहून एक आख्खं वाक्य बोलला.

"चारू, त्यांनी मला एक आठवडा दिलाय."

मी कणीक मळत होते. तशीच मळत राहिले, कारण वर बघितलं असतं तर रडले असते.

अर्ज दोन पानांचा होता. नाव, गाव, जन्मतारीख, सही. मी म्हटलं, "दोन पानं भर आणि दोन पानं दे."

"कारण विचारलंय," जयंत म्हणाला.

"‘पक्षी’ लिही."

"एवढंच?"

इथे माझ्या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. दत्तात्रय देवस्थळी, घरात अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर टेबलाच्या पलीकडे बसून लोकांचे अर्ज परत पाठवले, त्यामुळे अर्ज कसा असावा याबद्दल घरात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, "जयंता, नुसता अर्ज म्हणजे उघडा माणूस. जोडपत्रं लाव. एवढी लाव की परत पाठवायला त्यांना तोंड राहता कामा नये."

आणि जयंत कामाला लागला. इतक्या महिन्यांनी त्याला डिझाइन करायला काहीतरी मिळालं होतं. मळ्याचा नकाशा, पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात त्याचे तीन रंगांतले बाण, पिस्तुलाचा आवाज कोणत्या घरापर्यंत किती पोचेल त्याचा तक्ता, जॅकेटखाली पिस्तूल कसं बसेल त्याचा उभा छेद. शिवाय दहावीची मार्कशीट, जर्मन भाषांतरासह. आणि मन स्थिर असल्याचा पुरावा म्हणून इगतपुरीच्या विपश्यना शिबिराचं प्रमाणपत्र, तेही भाषांतरासह. मी म्हटलं, जयंत, हे लोक खुळे होतील. तो म्हणाला, "जर्मनांना सविस्तर आवडतं." गठ्ठा स्पायरल बाइंडिंग करून दिला.

एप्रिल गेला, मे गेला. फ्लायडररच्या पुतण्याने आमच्यानंतर अर्ज केला होता, त्याला परवाना मिळालासुद्धा. जयंतने फोन केला की ‘इन बेआरबाइटुंग’, काम चालू आहे. ईमेल केली की ‘इन बेआरबाइटुंग’. आमची मुलगी स्पृहा सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने जेवताना फोनमधून डोकं न काढता सुनावलं, "पापा ब्राउख्ट कायने पिस्टोले. पापा ब्राउख्ट थेरपी." पप्पाला पिस्तूल नको, थेरपी हवी. मी म्हटलं, बाळा, या देशात थेरपिस्टची रांग पिस्तुलापेक्षा मोठी आहे.

ऑगस्टात माझा पेशन्स संपला. रजा टाकली आणि थेट कचेरीत जाऊन धडकले. शस्त्र परवान्यांच्या टेबलावर फ्राउ क्लेंक. नीटनेटकी बाई, टेबलावर कॅक्टस. तिने कपाटातून आमचा गठ्ठा काढला आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"फ्राउ देफाश्टाली," ती म्हणाली, "दोन पानांचा अर्ज आला की मी पोलिसांकडे विचारणा करते आणि शिक्का मारते. तुमच्या यजमानांनी अनलागे, म्हणजे जोडपत्रं, लावलीत. एकोणीस. जे जोडलंय ते तपासावं लागतं."

"अहो, पण मागितलं कोणी होतं?"

"तेच मी विचारणार होते." तिने पानं उलटली. "हे पक्ष्यांचे बाण निसर्ग-संरक्षण विभागाकडे गेले. त्यांनी विचारलंय, पक्ष्यांची परवानगी... म्हणजे पक्ष्यांबाबतची परवानगी आहे का. आवाजाचा तक्ता ध्वनी विभागाकडे आहे. जॅकेटचा छेद कुठे पाठवायचा हे कोणालाच कळेना. शेवटी पोलिसांच्या तांत्रिक शाखेने तो परत केला. ड्रॉइंग फार सुंदर आहे असं लिहिलंय त्यांनी."

"बरं, मग अडलंय कुठे?"

तिने विपश्यनेचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "तर, हे आरोग्य विभागाकडे आहे. दहा दिवस हा माणूस कोणाशीही एक शब्द बोलला नाही, असं त्याने स्वतःच लिहून दिलंय. पिस्तूल मागणारा माणूस. आम्हाला बघावं लागेल."

दहा दिवसांचं काय घेऊन बसलीस बाई, इथे दहा महिने होत आले, असं माझ्या अगदी ओठांवर आलं. गिळलं. ते बोलले असते तर परवाना जन्मात मिळाला नसता.

"ते काढून टाका ना गठ्ठ्यातून."

"आलेला कागद काढता येत नाही. अर्ज मागे घेऊन नवा करता येतो."

"करते की मग. आत्ता, दोन पानांचा."

"हो, आनंदाने. पण नव्या अर्जांना रांग आहे. ख्रिसमसच्या आधी नाही."

मी कॅक्टसकडे बघत बसले. बाई दुष्ट नव्हती हो, तेच तर वाईट होतं. दुष्ट असती तर मस्त भांडता आलं असतं. माझ्या सासऱ्यांनी जे चाळीस वर्षं लोकांना केलं, ते जर्मन सरकार त्यांच्या मुलाला सव्याज परत करत होतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. टपालपेटीत पिझ्झावाल्यांची पत्रकं. सोमवारी सकाळी मी उठून बाहेर आले, तर जयंत सोफ्यावर, निळ्या पायजम्यात. कपाटाच्या तळातून शोधून काढला असणार, मी तो मुद्दाम खाली दडपला होता.

"फ्लायडररला सांगून टाकतो," तो म्हणाला. "परवाना नाही, आठवडा नाही. पुतण्याला देऊ दे ओळी."

"आणि तू काय करणार?"

"हं," जयंत म्हणाला.

त्या ‘हं’मागे पुढची दहा वर्षं दिसली मला. मी ऑफिसला आठवड्याची रजा कळवली, त्याची पॅन्ट त्याच्या अंगावर फेकली आणि म्हटलं, "ऊठ. पिस्तूल नसेना का. टेकडी कुठे पळून गेली नाही."

खाली फ्लायडररने आम्हाला बघून मान हलवली आणि कोठीतून एक लाकडी यंत्र आणून दिलं. दांडा धरून गोल फिरवलं की कडकड वाजतं. "माझ्या आजोबांचं," तो म्हणाला. "पण उपयोग नाही. पक्ष्यांनाही ते त्यांच्या आजोबांपासून माहीत आहे."

दगडी पायऱ्या चढून आम्ही वर पोचलो तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता. खाली गाव, नदी, पलीकडे महामार्ग. आणि लगेच भोरड्या आल्या. आधी सावली आली, मग किलबिलाट, मग आख्खा काळा थवा आमच्या ओळींवर पडला. जयंतने कडकड्या फिरवला. थवा उठला, दोन ओळी पलीकडे बसला. जयंत तिकडे धावला, पुन्हा कडकड. थवा उठून मूळ जागी. तीन-चार वेळा असं झाल्यावर पक्षी उठेनासेच झाले. एक भोरडी तर जयंतकडे बघत द्राक्ष खात होती, निर्लज्ज.

जयंतने कडकड्या खाली ठेवला आणि दगडी बांधावर बसला. "जाऊ दे," म्हणाला.

मी नवऱ्याला एरवी नावाने हाक मारते. रागावले की ‘अहो’ म्हणते. त्याला ते माहीत आहे.

"अहो, काय जाऊ दे?" मी कुजबुजले.

कुजबुजले, बरं का. उघड्या टेकडीवर! कारण या देशात आमचं सगळं वैवाहिक भांडण कुजबुजतच झालेलं आहे. आमच्या भिंती पापडासारख्या. आल्या आल्या पहिल्याच वर्षी एका रविवारी आम्ही जरा मोकळेपणी भांडलो, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात चिठ्ठी लावली होती, विश्रांतीच्या वेळेत ‘परदेशी भाषेतील चर्चा’ टाळाव्यात. तेव्हापासून दात आवळून भांडायचं, नळ सोडून भांडायचं. फारच मोठा विषय असेल तर तळघरातल्या गॅरेजमध्ये गाडीत बसून, काचा वर करून. पुण्याची दोन माणसं, आणि त्या चिठ्ठीनंतर एकदासुद्धा धड ओरडली नाहीत. विचार करा.

मी आजूबाजूला बघितलं. चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती, माणूस नव्हता.

"काय जाऊ दे?" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "नोकरी गेली, जाऊ दे! परवाना नाही, जाऊ दे! ओळी गेल्या, जाऊ दे! मग मी पण जाऊ का?"

थवा उठला. फर्रर्र करून सगळाच्या सगळा आकाशात गेला.

जयंत उभा राहिला. माझ्याकडे नाही, वर बघत होता. "पुन्हा," म्हणाला.

"काय पुन्हा?"

"पुन्हा ओरड. त्या खालच्या टप्प्यावर बसतायत."

"मी इथे जीव तोडून बोलतेय आणि तू पक्षी बघतोयस? काळीज आहे का दगड आहे तुला?"

खालच्या टप्प्यावरचेही उठले.

"बघतोय!" जयंत म्हणाला. आवाज फाटला त्याचा, महिनोन् महिने वापरच नव्हता. "कोणीतरी बघायला नको? तू बोलतेस, तुझी आई बोलते, अण्णा बोलतात, पोरगी जर्मनमध्ये बोलते. मी कधी बोलू?"

"कोणी अडवलंय? बोल की!"

"कुठे बोलू? ज्या दिवशी मला काढलं त्या दिवशी मला ओरडायचं होतं, चारू! घरी आलो तर वर ती बाई, खाली म्हातारा, शेजारच्या खोलीत स्पृहाची परीक्षा. आणि तू म्हणालीस, ‘होतं असं, जेवून घे.’ जेवून घे? अठरा वर्षं! मी काय शिळी भाजी आहे का, झाकून ठेवायला?"

"मग आता ओरड! इथे ओरड!"

आणि माझा फटाक्यांना घाबरणारा नवरा टेकडीकडे तोंड करून ओरडला. शब्द फार मोठे नव्हते. "माझे ब्रेक लागतात अजून!" असं ओरडला. "अर्ध्या जर्मनीत लागतात! माणसं घरी पोचतात रोज, माझ्यामुळे! आणि मला म्हणतात, जा! कॉफी पाजतात आणि म्हणतात, जा!" मग मराठीत एक शिवी दिली. ती मी लिहीत नाही, पण ती माझ्या सासऱ्यांचीच होती, पाटबंधारे खात्यातली. आख्ख्या टेकडीवरचे पक्षी उठले, आमच्या ओळींवरचे, फ्लायडररच्या ओळींवरचे, पार वळणापलीकडचेसुद्धा, आणि नदीकडे निघून गेले.

जयंत बांधावर बसून रडला, हमसून हमसून. मी शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू येत होतं आणि मधेच हसू येत होतं. मला वाटतं, नोकरी गेल्यापासून तो त्या दिवशी पहिल्यांदा घरी आला.

थोड्या वेळाने त्याने बाहीला नाक पुसलं आणि आकाशाकडे बघितलं.

"आल्या परत," म्हणाला. "आता कोणता विषय?"

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. जयंतने दुसऱ्या दिवशी रीतसर आखणीच केली. इंजिनियर तो इंजिनियरच. सकाळी थवा मोठा, तेव्हा मोठे विषय. फ्लॅट स्वस्त होते तेव्हा का घेतला नाही. त्याची बहीण साधना तीन आठवड्यांसाठी आली आणि तीन महिने का राहिली. दुपारी किरकोळ, म्हणजे माझं ड्रायव्हिंग, त्याचं घोरणं, भाजीत गूळ घालावा की नाही. गुळावरून टेकडी अशी काही रिकामी झाली की विचारू नका. माझ्या आईचा विषय मात्र त्याने राखून ठेवला होता. "तो शेवटी," म्हणाला. "अगदीच हाताबाहेर गेलं तर."

बुधवारी कचेरीची गाडी आली. कोणीतरी तक्रार केली होती. गणवेशातला तरुण पायऱ्या चढून धापा टाकत पोचला आणि त्याने विचारलं, इथे राखणीसाठी कोणतं उपकरण वापरलं जातंय?

जयंतने माझ्याकडे बोट दाखवलं.

तरुणाने फोनवर कोणाला तरी विचारलं, बराच वेळ ‘या, या, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, हो, बरोबर’, केलं. नवराबायकोने मळ्यात भांडायला परवाना लागतो असं कुठे सापडलं नाही. आम्हाला शुभ दिवस चिंतून तो खाली गेला. जाताना माझ्याकडे जरा जपूनच बघत होता.

फ्लायडरर तळमजल्याच्या बाल्कनीत कानाचं मशीन लावून बसायचा. शनिवारी त्याने जयंतला विचारलं, "यायांट, तुम्ही वर जे म्हणता, ती प्रार्थना आहे का?"

"गेनाऊ," जयंत म्हणाला. "जुनी परंपरा आहे."

"चाळीस वर्षं माझी आणि माझ्या हिल्डेची पण होती," म्हातारा म्हणाला. "ती गेल्यापासून घर फार शांत आहे." मग नाक शिंकरून त्याने सांगितलं की त्या आठवड्यात टेकडीवर पक्ष्यांनी सगळ्यात कमी खाल्लं, आणि पुढच्या वर्षी आम्ही दोन आठवडे घ्यावेत. ओळी आमच्याकडे राहिल्या. आईचा विषय काढायची वेळच आली नाही.

परवाना फेब्रुवारीत आला. जाड पाकीट, आत कार्ड, शिक्का, आणि फ्राउ क्लेंकच्या हातची ओळ, पुढच्या वेळी कृपया फक्त दोन पानं. त्याच टपालात दुसरंही पाकीट होतं. जयंतने एका ठिकाणी नोकरीसाठी अर्ज केला होता, जोडपत्रांशिवाय. दोन मुलाखती झाल्या होत्या, आम्ही तिघंही मनातल्या मनात धरून बसलो होतो. त्यांनी कळवलं होतं की त्यांना जयंत फार आवडला आणि त्यांनी दुसऱ्याला घेतलं.

जयंतने दोन्ही पत्रं वाचली आणि टेबलावर ठेवली.

"हं," म्हणाला.

मी ओट्याशी उभी होते. हातातला डाव तसाच राहिला. जयंत बेडरूममध्ये गेला, कपाट उघडल्याचा आवाज आला. मला निळा पायजमा दिसायला लागला.

तो बाहेर आला तो जॅकेट घालून. एका हातात त्याचे बूट, दुसऱ्या हातात माझे.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"वर."

"अरे, बर्फ आहे. वेली नुसत्या काड्या झाल्यात. एक पक्षी नाहीये टेकडीवर."

"पक्षी कशाला हवेत?" जयंत म्हणाला. "तुझ्या आईचा विषय राहिलाय."

मी गॅस बंद केला आणि बूट घातले.